त्या रकान्यात काय भरायचं?

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी डब्यासाठी मटकी निवडत बसले होते. ‘ताई, रिच अमाइनच्या व्हॉल्व्हला व्हेपर प्रेशर किती टाकू? प्रोसेसवाले म्हणतात ७०. ते टाकलं की सीव्ही दुपटीच्या वर जातो. ०.३ टाकलं की सगळं गोड दिसतं.’ आणि खाली तो रडका चेहरा. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मग तू तो आकडा टाकून झोपली असतीस आणि पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा साडेअकराला मेसेज आला असता. म्हणून आज निवांत लिहितेय. चहा घेऊन बस.

तुला हा प्रश्न पडला याचंच मला आधी बरं वाटलं. तुझ्या वयात मला तो पडलाच नव्हता, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

घरातलं बघ आधी. कुकर नुकताच उतरवलाय आणि घाईघाईने शिट्टी उचललीस तर काय होतं? वरण उसळून ओट्यावर येतं. आतलं पाणी तेच, तापमान तेच, फक्त वरचा दाब एकदम गेला म्हणून ते उकळलं. आता गोटी सोडा घे. बाटली बर्फात गारठलेली, अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्सकन फेस. तिथे पाणी उकळलं का? गार पाणी कशाला उकळेल! दाबाखाली विरघळवून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड दाब सुटल्यावर बाहेर आला, एवढंच. कुकरमधले बुडबुडे पाण्याचेच असतात. सोड्यातले पाहुण्याचे.

तुझ्या डेटाशीटवरचा व्हेपर प्रेशरचा रकाना कुकरसाठी आहे. तुझ्या पाइपात आहे सोडा.

सोड्याची ही गोष्ट १८०३ साली मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने मांडली: द्रवावर त्या वायूचा दाब जितका, त्या प्रमाणात वायू विरघळतो. त्याच्या वडिलांचा कृत्रिम मिनरल वॉटर बनवण्याचा उद्योग होता, म्हणजे नियम घरच्या धंद्यातूनच आला म्हणायचा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव, जी पुस्तकात पटकन डोळ्यांत भरत नाही. कुकरमधली वाफ दाब वाढला की क्षणात परत पाणी होते. सोड्यातून निघालेला वायू मात्र नुसता दाब वाढवून लगेच परत जात नाही. गोटी सोडा भरणारा माणूस बाटली यंत्रात अडकवून गरागरा फिरवतो तो उगाच नाही. वायू मुरवायला वेळ लागतो, घुसळावं लागतं. बाहेर पडायलाही थोडा वेळ लागतो. हा ‘थोडा वेळ’ पुढे आपल्या कामाला येणार आहे.

आता तुझा व्हॉल्व्ह. अॅब्सॉर्बरच्या तळातून रिच अमाइन निघतं, व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि ते फ्लॅश ड्रममध्ये जातं. आपल्या वसईसमोरच्या समुद्रातला गॅस, ज्या क्षेत्राला कागदोपत्री अजून बसीन म्हणतात, तो हजिऱ्याला जातो आणि त्यातला हायड्रोजन सल्फाइड अमाइनने धुऊन काढतात. तिथे काय किंवा तुमच्या ड्रॉइंगवर काय, मांडणी तीच. अॅब्सॉर्बरमध्ये अमाइन गॅसच्या संगतीत राहून आलेलं असतं, म्हणजे त्या दाबाला ते वायूने तृप्त असतं. दाब एक बार जरी उतरला तरी पहिला बुडबुडा निघणार. म्हणून प्रोसेसचा मुलगा तुला बबल पॉइंट ७० बार सांगतो. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या सिम्युलेटरला जे विचारलं त्याचं ते बरोबर उत्तर आहे. चूक होते ती आपण तो आकडा व्हेपर प्रेशरच्या रकान्यात टाकतो तेव्हा.

कारण तो रकाना आयईसी ६०५३४-२-१ च्या द्रवाच्या समीकरणाला जोडलेला आहे. व्हॉल्व्ह किती दाबफरकाला चोक होईल, म्हणजे त्यापुढे प्रवाह वाढणारच नाही, ते शीट असं काढतं: एफएलचा (व्हॉल्व्हच्या प्रेशर रिकव्हरी फॅक्टरचा) वर्ग गुणिले, आधीच्या दाबातून एफएफ पट व्हेपर प्रेशर वजा. आणि एफएफ म्हणजे ०.९६ वजा ०.२८ गुणिले, व्हेपर प्रेशर भागिले क्रिटिकल प्रेशर यांचं वर्गमूळ. हा एफएफ एकाच पदार्थाच्या द्रवासाठी बसवलेला आहे, पाण्यासारख्या. मिश्रणांसाठी ही समीकरणं नाहीत असं ते स्टँडर्ड स्वतःच सांगतं. पण सॉफ्टवेअर थोडंच आठवण करून देतं! त्याला आकडा दिला की ते उत्तर देतं.

काल रात्री मटकी भिजत घातल्यावर मी कागदावर करून पाहिलं. तुझेच गोल आकडे धरले: तासाला २०० घनमीटर, घनता १०४०, आत ७० बार, बाहेर ७ बार, तापमान सत्तरच्या आसपास, एफएल ०.९. व्हेपर प्रेशर ०.३ टाकलं तर चोकची मर्यादा ५६.५ बार येते आणि सीव्ही, म्हणजे व्हॉल्व्हच्या क्षमतेचा आकडा, ३१. ७० टाकलं, क्रिटिकल प्रेशर पाण्याचं २२०.६, तर मर्यादा घसरून ११ बारवर येते आणि सीव्ही होतो ७०. ६३ बारचा दाबफरक समोर असताना शीट म्हणतं, यातले ११ च कामाचे. दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. पहिल्यात वायू अस्तित्वातच नाही. दुसऱ्यात सगळं अमाइन उकळायला बसलंय असं शीट धरून चालतं.

मग खरं काय? समज, ७ बारला येईपर्यंत तासाला ६०० किलो वायू सुटतो. अमाइन आहे तासाला २०८ टन. म्हणजे वजनाने वायू ०.३ टक्केही नाही, आणि इथेच माणसं फसतात, ‘एवढ्याशा गॅसने काय होतंय!’ म्हणतात. पण ७ बारला त्या ६०० किलोंची जागा किती होते ते काढ. सरासरी रेणुभार २० धरला तर जवळजवळ १२० घनमीटर. २०० द्रव आणि १२० वायू. व्हॉल्व्हच्या बाहेरच्या पाइपात ३८ टक्के जागा गॅसने खाल्लेली. वजन बघू नकोस, जागा बघ.

काही जण सोपी वाट काढतात: द्रवाचा सीव्ही वेगळा, वायूचा वेगळा, आणि बेरीज. या उदाहरणात वायूचा सीव्ही एकही भरत नाही, ०.७ येतो. बेरीज ३२. सगळे खूश. मला ही बेरीज आवडत नाही, कारण ती धरून चालते की गॅस आणि अमाइन आपापल्या लेनमधून शिस्तीत जातात. प्रत्यक्षात फुगणारा गॅस शेजारच्या अमाइनला ढकलत, सोबत ओढत निघतो, आणि त्या धक्काबुक्कीची किंमत दाबाने मोजावी लागते.

मी काय करते सांगू? दोघं एकजीव होऊन, एकाच वेगाने चाललेत असं धरते. दाब थोडा थोडा उतरवत जाते, प्रत्येक पायरीला किती गॅस सुटला, मिश्रणाचं आकारमान किती झालं ते मांडते आणि कुठल्या दाबाला प्रवाह सगळ्यात जास्त होतो ते शोधते. तिथे तो चोक. तुझ्या आकड्यांना हे ठिकाण १९ बारच्या आसपास येतं आणि सीव्ही चाळिशीच्या जवळपास. एक्सेलच्या पंधरा ओळी आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. सेफ्टी व्हॉल्व्हवाले दोन फेजसाठी एपीआय ५२० मध्ये असाच हिशेब करतात, त्यांचा उसना घेतला तरी चालतो.

हा चाळीसचा आकडाही थोडा सढळच आहे बरं का. तो ‘थोडा वेळ’ आठव. प्लग आणि सीटच्या मधून अमाइन जायला फार तर काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सुटायचा तो सगळा गॅस सुटत नाही. शिवाय अमाइनमध्ये दोन प्रकारचे पाहुणे आहेत. मिथेन नुसता विरघळलेला असतो, तो पहिल्या संधीला पळतो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड हे अमाइनशी रासायनिक धाग्याने बांधलेले, ते बहुतेक रिजनरेटरमध्ये तापवल्यावरच सुटतात. त्यांना हेन्रीची सरळ रेघ लावू नकोस. म्हणजे खरा सीव्ही ३१ आणि ४० च्या मध्ये कुठेतरी. मी ४० धरीन आणि पासष्टच्या आसपासचा व्हॉल्व्ह मागीन. लिनिअर ट्रिम असेल तर तो साठ टक्क्यांच्या जरा वर उघडून चालेल. छान जागा आहे ती.

‘मग ७० धरून मोठाच घेऊया ना ताई, सेफ साइड!’ हे तू म्हणणार. सगळेच म्हणतात. मीही म्हटलं होतं.

कंपनीचं नाव नको. माझी तिसरी नोकरी, पहिलं स्वतंत्र काम. मी बबल पॉइंट टाकला, व्हेंडरने त्यावर आपलं मार्जिन चढवलं, आमच्या लीडने ‘असू दे, भविष्यात कपॅसिटी वाढेल’ म्हणून आणखी थोडं. चार इंचात भागलं असतं तिथे सहा इंची धूड आलं. स्टार्ट-अपला प्लांट अर्ध्या लोडवर, व्हॉल्व्ह दहा-बारा टक्क्यांवर. सीटला जवळजवळ चिकटलेला. जरा उघडला की अॅब्सॉर्बरची लेव्हल धाडकन खाली, जरा मिटला की वर. कंट्रोल रूममधले काका म्हणाले, ‘मॅडम, तुमचा व्हॉल्व्ह नाचतोय.’ दोन दिवस मी कंट्रोलरचं ट्यूनिंग करत बसले. रोग साइजमध्ये आणि मी औषध ट्यूनिंगला देत होते! तिसऱ्या दिवशी त्यांनी कंटाळून लूप मॅन्युअलला टाकला, अकरा टक्क्यांवर, आणि एका माणसाला लेव्हल ग्लासपाशी उभं केलं. पहाटे फीड कमी झालं. माणूस चहाला गेला होता. लेव्हल संपली, अमाइनच्या मागोमाग अॅब्सॉर्बरचा गॅस सरळ फ्लॅश ड्रममध्ये घुसला आणि ड्रमचा सेफ्टी पॉप झाला. अकराच टक्के उघडा होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. पूर्ण उघडा असता तर त्या सेफ्टीला तो गॅस झेपला असता का, हे मी दुसऱ्या दिवशी हिशेब करून बघितलं. झेपला नसता. तो हिशेब मी दोन महिने आधी करायला हवा होता.

तुझ्याच आकड्यांना लावून बघ. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, द्रव संपलेला, ७० बारचा गॅस मोकळा. ६५ सीव्हीच्या व्हॉल्व्हमधून ढोबळमानाने तासाला पंचावन्न टन गॅस जाईल. ७० मागितलास तर व्हेंडर ११० चा देणार, त्यातून नव्वद टनांच्या पुढे. तो सगळा भार फ्लॅश ड्रमच्या रिलीफ व्हॉल्व्हने घ्यायचा. एपीआय ५२१ मध्ये हा प्रसंग तपासायला सांगितलेला आहे. तेव्हा तुझा ‘सेफ साइड’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी सेफ्टीवर टाकलेलं ओझं.

स्कॉटलंडच्या ग्रँजमाउथ रिफायनरीत २२ मार्च १९८७ ला नेमकं हेच झालं. हायड्रोक्रॅकरचा हाय प्रेशर सेपरेटर, दीडशे बारच्या आसपासचा. लेव्हलचा व्हॉल्व्ह मॅन्युअलला उघडा राहिला, लो लेव्हलची ट्रिप आधीच निकामी करून ठेवलेली. द्रव संपला आणि गॅस नऊ-दहा बारच्या भांड्यात शिरला. त्या भांड्याचा रिलीफ आगीच्या प्रसंगासाठी मोजलेला होता, गॅस घुसण्यासाठी नव्हता. भांडं फुटलं आणि एक माणूस गेला. मी त्याचा अहवाल वाचला तो माझ्या त्या पहाटेनंतर. वाचताना मॅन्युअल, लेव्हल, रिलीफ हे तीन शब्द आले आणि मी अहवाल मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आता ट्रिमचं. व्हेंडर तुला अँटी-कॅव्हिटेशन ट्रिम गळ्यात बांधायला बघेल. बारीक बारीक भोकांचा पिंजरा, किंमत दुप्पट. गोड बोलून नाही म्हण. कॅव्हिटेशनमध्ये वाफेचे बुडबुडे दाब परत चढल्यावर फुटतात, ते फुटणं धातू खातं. तुझे बुडबुडे गॅसचे, ते पुढे फुटत नाहीत, फुगतच जातात. त्यांना जागा लागते, आणि तो पिंजरा जागाच देत नाही. वर रिच अमाइनमध्ये आयर्न सल्फाइडचा काळा गाळ असतो, तो भोकांत बसला की संपलं. टप्पे हवेच असतील तर पुढे पुढे रुंद होत जाणारे माग.

माझ्या शेल्फवर दोन जुने प्लग आहेत, तू ते पेपरवेट समजून उचलले होतेस. एक बॉयलर फीडचा, कॅव्हिटेशनने खाल्लेला: खरखरीत, जळक्या कोळशासारखा, नख अडकतं. दुसरा अमाइनचा: चकचकीत, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा, फक्त एका बाजूने पाव इंच नाहीसा झालेला. त्याला कुणी फोडलेलं नाही. गॅसने पळवलेल्या थेंबांनी आणि त्या काळ्या गाळाने पॉलिश करत करत नेलाय तो. अशा ठिकाणी अँगल बॉडी घेतात, प्रवाह प्लगवरून खाली सोडतात, म्हणजे झीज सीटच्या पुढच्या भागावर जाते, बॉडीच्या भिंतीवर नाही. प्लग-सीटला स्टेलाइट ६ किंवा टंगस्टन कार्बाइड. सावर सर्व्हिस आहे, त्यामुळे नेस एमआर०१७५ ची ओळ विसरू नकोस, नाहीतर कडक धातू घेशील आणि तो तडकेल.

पायपिंगवाल्यांशीही बोल. व्हॉल्व्ह ड्रमच्या नोझलला जितका चिकटेल तितका बरा, बाहेरचा पाइप एक-दोन साइज मोठा. पण ड्रम उंच स्ट्रक्चरवर असेल तर सांभाळ: अमाइन दहा मीटर वर चढलं की एक बार गेला, आणि तृप्त द्रवाला तेवढं निमित्त पुरतं. मग गॅस व्हॉल्व्हच्या आधीच सुटतो, तुझा सगळा हिशेब बदलतो आणि तिथे फ्लोमीटर असेल तर तोही बरळायला लागतो.

राहता राहिला तो प्रोसेसचा मुलगा. त्याला ‘व्हेपर प्रेशर किती?’ असं विचारूच नकोस. तो बबल पॉइंटच देणार, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याच्याकडून तक्ता माग: ७० पासून ७ बारपर्यंत सहा-सात दाबांना फ्लॅश करून, प्रत्येक ठिकाणी किती किलो गॅस, त्याचा रेणुभार, दोघांची घनता. सिम्युलेटरला ते दहा मिनिटांचं काम आहे. ‘तुम्हा इन्स्ट्रुमेंटवाल्यांना कशाला हवंय हे?’ असं म्हणालाच तर भांडू नकोस, मेलवर माग आणि त्याच्या लीडला सीसी कर. मिनिमम आणि नॉर्मल फ्लोसाठीही तोच तक्ता घे, कारण व्हॉल्व्ह नाचतो तो मॅक्सिममला नाही.

आणि तो रकाना? तिथे अमाइन-पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब टाक, ०.३. शेजारी शेरा लिही: ‘द्रवात विरघळलेला वायू आहे, इनलेटला बबल पॉइंट ७० बार, साइझिंग सोबतच्या फ्लॅश तक्त्यावरून दोन फेजचं करावं.’ शेरा नसेल तर व्हेंडरचं सॉफ्टवेअर ०.३ वर ३१ काढून मोकळं होईल.

रविवारी येशील तेव्हा तो तक्ता आण, आणि फ्लॅश ड्रमच्या रिलीफचा कॅल्क्युलेशनचा कागद मिळाला तर तोही. मटकीला तोवर मस्त मोड आलेले असतील. उसळ करते.